यादीत उत्सवमूर्ती आहेत ना?

घरच्या समारंभाची यादी सगळेच करतात. ती लांबलचक असते, टापटीप असते आणि तरीही ऐनवेळी नेमके काहीतरी राहतेच. ते का राहते आणि यादी कशी केली म्हणजे राहणार नाही, याविषयी...

माझ्या आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन २०१६ साली पुण्यात झाले. मोठ्या मामाने दोन महिने आधीपासून तयारी केली होती. त्याच्या आखीव वहीत ५७ नोंदी होत्या आणि प्रत्येक नोंदीसमोर खूण करण्यासाठी चौकोन काढलेला होता. समारंभाच्या सकाळी त्यांतील ५६ चौकोनांत बरोबरची खूण झाली होती. राहिलेली एक नोंद फुलांच्या रांगोळीची होती आणि ती काढणाऱ्या बाई वाटेवर होत्या.

आजोबांना घेऊन आमची गाडी कार्यालयाच्या दारात थांबली तेव्हा कळले, की सभागृह पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आदल्या दिवसापासून बंद आहे. आजोबांना जिना चढवत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. वहीत मात्र ते कोठेच नव्हते. अखेर दोन नातू आणि मांडववाल्याकडची दोन मुले यांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट वर नेले. वर सनईची ध्वनिफीत लागली होती. आजोबा खुर्चीचे हात घट्ट धरून, डोळे मिटून बसले होते.

दोन-तीन दिवसांनी मी मामाची वही सहज चाळली. ५७ नोंदींमध्ये आजोबांचा उल्लेख एकदाच आला होता : ‘अण्णांसाठी हार – १’.

वस्तूंची यादी, कामांची यादी

यादीचे वावडे मराठी घराला कधीच नव्हते. वाण्याची यादी वर ‘श्री’ लिहून आणि हळद-कुंकवाने सुरू करण्याची रीत अजूनही अनेक घरांत पाळली जाते. गुरुजींची यादी वेगळी, आमंत्रितांची वेगळी. कोणी काय दिले याची आहेराची यादी तर पुढच्या पिढीपर्यंत जपून ठेवतात. लग्न ठरताना दोन्ही पक्षांनी बसून देण्याघेण्याच्या ‘याद्या’ करायच्या आणि खर्च वाचवायचा असेल तर त्याच दिवशी साधेपणाने लग्न उरकून घ्यायचे, यातूनच ‘यादी पे शादी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला.

तथापि या बहुतेक याद्या वस्तूंच्या असतात. काय आणायचे, किती आणायचे, कोठून आणायचे, एवढेच त्या सांगतात. समारंभात जे बिघडते ते मात्र क्वचितच एखाद्या वस्तूवाचून बिघडते. नारळ विसरला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच मिनिटांत आणता येतो. लिफ्ट दुकानात मिळत नाही.

या दोहोंतला फरक प्रथम वैमानिकांच्या ध्यानी आला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील राइट फील्ड या तळावर बोइंग कंपनीचे ‘मॉडेल २९९’ हे नवे चार इंजिनांचे विमान चाचणीसाठी आकाशात झेपावले आणि काही क्षणांतच कोसळले. मुख्य वैमानिकासह दोघांचा त्यात अंत झाला. यंत्रात काहीही दोष नव्हता. विमान जमिनीवर उभे असताना शेपटीकडचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून त्यांना कुलूप लावलेले असते; उड्डाणापूर्वी ते काढायचे राहून गेले होते. वैमानिक अननुभवी होता म्हणावे, तर तेही नव्हे. लष्कराने त्यावर अधिक प्रशिक्षणाचा उपाय काढला नाही. एक छोटी यादी काढली. उड्डाणापूर्वी, उतरण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर काय तपासायचे, एवढेच तीत होते. तेच विमान पुढे ‘बी-१७’ या नावाने दुसऱ्या महायुद्धात गाजले.

हीच कल्पना शस्त्रक्रियागृहात नेण्याच्या कामात पुढाकार घेणारे अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. अतुल गावंडे यांचे घराणे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड परिसरातले. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया-तपासयादी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या गंभीर गुंतागुंतींचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याचे २००९ च्या जानेवारीत जाहीर झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. गावंडे यांचे ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ हे पुस्तक आले.

आता शस्त्रक्रिया कोठे आणि बारसे कोठे, असे कोणी म्हणेल. परंतु त्या १९ मुद्द्यांची रचना पाहण्यासारखी आहे. ते एका दमात वाचायचे नसतात. भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी, असे तीनदा थांबून ते मोठ्याने विचारायचे असतात. पहिलाच प्रश्न खुद्द रुग्णाविषयी असतो : त्याने आपली ओळख, शस्त्रक्रियेची जागा आणि आपली संमती सांगितली आहे का? मामाच्या वहीत नेमका हाच प्रश्न नव्हता.

तेव्हा घरच्या समारंभासाठीही दोन कागद असावेत. एक लांब यादी वस्तूंची. ती हवी तेवढी लांबू द्या. तिचे काम बाजारात संपते. दुसरी तपासयादी. तिच्यात तीन थांबे आणि प्रत्येक थांब्यावर फार तर सात-आठ प्रश्न. जे विसरले तर शेवटच्या तासात निस्तरता येत नाही, तेवढेच तिच्यात लिहायचे.

पहिला थांबा : विसार देण्यापूर्वी

कार्यालयाला पैसे दिले की अर्धा समारंभ ठरून जातो. पुढचे सारे निर्णय त्या जागेच्या कलाने घ्यावे लागतात. म्हणून पहिली तपासणी विसाराची रक्कम हाती असतानाच व्हायला हवी आणि तिची सुरुवात उत्सवमूर्तींपासून.

सहस्रचंद्रदर्शनाचेच उदाहरण पुढे चालवू. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून किंचित अधिक काळ जातो. त्या हिशेबाने हजार पौर्णिमांना ८० वर्षे आणि सुमारे १० महिने लागतात. म्हणून हा समारंभ सर्वसाधारणपणे एक्क्याऐंशीव्या वर्षात करतात. म्हणजेच ज्या माणसाचा हा सोहळा, तो ऐंशी ओलांडलेला असणार. त्याचे समवयस्क मित्र, बहिणी, विहीणबाई यांचीही वये त्याच घरातली. कार्यालय पाहायला जाताना झुंबर आणि वाहनतळ यांच्याआधी पायऱ्या मोजाव्यात. लिफ्ट असेल तर ती बंद पडल्यास काय, हे व्यवस्थापकाला विचारावे. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, तेथे कमोड आहे का आणि हाताला धरायला दांडी आहे का, हेही स्वतः आत जाऊन पाहावे. असे प्रश्न विचारायला संकोच वाटतो खरा. पण समारंभाच्या दिवशी विचारताना तो अधिक वाटतो.

त्यानंतरचा प्रश्न आम्ही कोणीच आजोबांना विचारला नव्हता : तुम्हाला हे हवे आहे का आणि कसे हवे आहे? काही वृद्धांना दोनशे माणसांची गर्दी सुखावते, काहींना वीस माणसांत नीट बोलता आलेले अधिक आवडते. तुला करायची असेल तर तराजूत बसणे त्यांना झेपेल का? दुपारी झोपायची सवय असेल तर कार्यक्रम सकाळी साडेदहाला ठेवावा की सायंकाळी पाचला? डोहाळेजेवण असेल तर हेच प्रश्न त्या मुलीला विचारावेत. तिला फुलांचा वास सहन होतो का, किती वेळ बसवते, डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिला आहे का, हे सजावटीच्या रंगापूर्वी ठरायला हवे. पहिल्या वाढदिवसाला तर उत्सवमूर्ती बोलूच शकत नाही. त्याची झोपेची वेळ साडेसातची असेल आणि केक नऊ वाजता कापायचा असेल, तर छायाचित्रांत रडणारे मूलच येणार.

या थांब्यावरचा दुसरा मोठा प्रश्न माणसांच्या संख्येचा. ‘साधारण दीडशे’ ही संख्या नव्हे. आमंत्रितांची नावे तीन रकान्यांत लिहावीत : नक्की येणारे, बहुधा येणारे आणि केवळ कळवायचे म्हणून कळवलेले. पहिला रकाना पूर्ण आणि दुसऱ्यातला निम्मा धरून जो आकडा येईल तो केटररला सांगावा आणि त्याच्याकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : किमान किती पानांचे पैसे द्यावे लागतील आणि अंतिम आकडा कोणत्या दिवसापर्यंत बदलता येईल. भांडणे होतात ती या दोन मुद्द्यांवरून, पदार्थांवरून नव्हे. केटररकडे अन्नसुरक्षा कायद्याखालील परवाना वा नोंदणी आहे ना, हेही येथेच पाहून घ्यावे.

सोसायटीच्या गच्चीवर किंवा आवारात कार्यक्रम असेल तर सोसायटीची परवानगी लेखी घ्यावी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. तेव्हा गाण्यांचा कार्यक्रम असल्यास तो नऊला नव्हे, सातला सुरू व्हायला हवा. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलची आणि एकदा वापरून टाकायची प्लॅस्टिकची ताटे-वाट्या यांवर बंदी आहे, हे सजावटवाले आणि केटरर दोघेही सोयीस्करपणे विसरतात. स्टीलची ताटे भाड्याने मिळतात, पत्रावळी तर मिळतातच.

शंभर पानांचा अंदाज

घरीच आचारी बोलावून स्वयंपाक करण्याची पद्धत आता कमी झाली असली तरी लहान समारंभांत ती टिकून आहे. अशा वेळी प्रमाण कळत नाही आणि मग एकतर वरण संपते किंवा भाताचे पातेले भरलेले राहते. मसालेभात, साधा भात, वरण, पुरी, दोन भाज्या, कोशिंबीर आणि श्रीखंड अशा बेताला शंभर पानांसाठी ढोबळमानाने दोन्ही भातांचे मिळून ८ ते १० किलो तांदूळ, ३ ते ४ किलो तूरडाळ आणि १० ते १२ किलो श्रीखंड पुरते. मध्यम आकाराच्या पाच पुऱ्या माणशी धरल्या तर कणीक ८ किलोच्या आसपास लागते. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे पाच जार लागतील असा हिशेब निघतो. उन्हाळ्यात आठ सांगावेत. तरुण मंडळी अधिक असतील तर पुऱ्या वाढतील, ज्येष्ठ अधिक असतील तर साधा भात आणि वरण. सहस्रचंद्रदर्शनाला पुऱ्या उरतात आणि वरण कमी पडते, हे स्वानुभवाचे बोल.

मीठ मात्र हटकून विसरले जाते. स्वयंपाकातले नव्हे, पानाच्या डाव्या बाजूला वाढायचे.

पदार्थांच्या संख्येपेक्षा वेळेकडे अधिक लक्ष द्यावे. शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये, गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे स्वयंपाक दहाला तयार होतो, पूजा लांबते, भाषणे लांबतात आणि पंगत दोनला बसते. मधल्या चार तासांत श्रीखंड बर्फात आहे का आणि भात कोमट होऊन पडला आहे का, हे कोणी पाहत नाही. कोमट भातात तयार झालेले काही विषारी घटक पुन्हा गरम करूनही नाहीसे होत नाहीत. शिवाय पाहुण्यांत मधुमेही असतात. सकाळी औषध घेऊन आलेल्या माणसाला दोनपर्यंत उपाशी ठेवणे हे आदरातिथ्य नव्हे. निमंत्रणपत्रिकेत भोजनाची वेळ छापावी आणि ती पाळण्याचे काम एका माणसाकडे सोपवावे. मान्यवरांचे भाषण मध्येच थांबवण्याची हिंमत असलेल्या माणसाकडे.

दुसरा थांबा : आदल्या रात्री

या थांब्याला अर्धा तास पुरतो, पण घरातल्या चार-पाच कर्त्या माणसांनी एकत्र बसावे. शस्त्रक्रियेच्या तपासयादीतील एक मुद्दा येथे जसाच्या तसा उचलण्याजोगा आहे. पहिला छेद घेण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि आपले काम मोठ्याने सांगायचे असते. समारंभात केटररचा पर्यवेक्षक, सजावटवाला, छायाचित्रकार, गुरुजी आणि कार्यालयाचा शिपाई हे सारे एकमेकांना अनोळखी असतात आणि प्रत्येकाला घरातल्या वेगवेगळ्या माणसाने बोलावलेले असते. परिणामी प्रत्येक जण यजमानालाच फोन करतो आणि यजमान त्या वेळी सोवळे नेसून संकल्प सोडत असतो. या सर्वांची नावे आणि भ्रमणध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून, पूजेला न बसणाऱ्या एका व्यक्तीकडे तो कागद द्यावा. उद्या सगळ्यांनी तिच्याशीच बोलायचे, हे प्रत्येकाला रात्रीच कळवावे. आमच्या घरी हे काम हल्ली धाकट्या मामीकडे असते. तिचा आवाजही त्याला अनुकूल आहे.

गुरुजींची यादी या रात्री नव्हे, चार दिवस आधी वाचायला हवी. तीत ‘विड्याची पाने २५, सुपाऱ्या २५, सुटी नाणी’ असा एक निरुपद्रवी मजकूर असतो. पाने-सुपाऱ्या मिळतात. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय जडल्यापासून घरात सुटी नाणी मात्र सापडत नाहीत आणि सकाळी सात वाजता ती दूधवाल्याकडेही नसतात. आदल्या रात्री एवढेच पाहावे, की ताम्हण, पळी-पंचपात्र आणि समई यांच्याबरोबर नाणीही पिशवीत पडली आहेत.

त्याच पिशवीत उत्सवमूर्तींची रोजची औषधे, त्यांच्या डॉक्टरांचा क्रमांक, चष्मा, श्रवणयंत्राचे जादा सेल आणि पाठीला लावायची उशी जावी. कार्यालयातल्या सिंहासनवजा खुर्च्या दिसायला भव्य असतात, पण त्यांत बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत. घरची सवयीची खुर्ची नेली तर छायाचित्रे थोडी साधी येतील, एवढेच.

तिसरा थांबा : पाहुणे येण्यापूर्वी

हा थांबा पाच मिनिटांचा, कार्यालयातच, उभ्या-उभ्या. एकाने प्रश्न वाचायचा आणि ज्याचे काम त्याने उत्तर द्यायचे. वाचणाऱ्यानेच खुणा करत जायच्या नाहीत. यालाही आधार आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात शस्त्रक्रिया-तपासयादी सक्तीची झाल्यानंतर १०१ रुग्णालयांची पाहणी केली असता फारसा फरक आढळला नाही, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. ती यादी मनापासून वापरली जाते की नुसती भरली जाते, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी उपस्थित केला. मामाच्या वहीतही ५६ खुणा होत्याच.

आमच्या घरात पुढे तयार झालेला तिसऱ्या थांब्याचा कागद असा आहे :

० लिफ्ट आत्ता चालू आहे, हे कोणी स्वतः चढून पाहिले?
० उत्सवमूर्ती कोणाबरोबर येत आहेत आणि त्यांच्या शेजारी दिवसभर कोण बसणार?
० त्यांनी काही खाल्ले आहे का, औषध घेतले आहे का?
० श्रीखंड बर्फात आहे का, भात केव्हा शिजला?
० पंगत किती वाजता आणि कार्यक्रम थांबवणार कोण?
० ८१ दिवे लागतील तेव्हा पंखे कोण बंद करणार, पडदे कोण बाजूला घेणार आणि पाण्याची बादली कोठे आहे?
० वीज गेली तर जनित्र कोण सुरू करणार?

दिव्यांचा प्रश्न काहींना अतिदक्षतेचा वाटेल. ८१ वाती, जरीची साडी, झिरझिरीत पडदे आणि भोवती मोबाइल उंचावून उभी असलेली चाळीस माणसे हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो तसा वाटणार नाही.

समारंभ संपल्यावरही काही उरते. भाड्याची भांडी मोजून परत द्यायची, अनामत रक्कम परत घ्यायची, आहेराची पाकिटे एकाच पिशवीत आणि एकाच माणसाकडे ठेवायची. उरलेले अन्न द्यायचे असेल तर कोणाला, हे आधीच ठरवून त्या संस्थेशी वेळ बोलून ठेवावी. पंगत उठल्यावर शोधाशोध सुरू केली तर सायंकाळ होते आणि मग ते अन्न कोणाला देण्याजोगे राहत नाही. किती पाने उठली आणि काय किती उरले, हे त्याच रात्री यादीच्या मागच्या बाजूला लिहावे. पुढच्या कार्याला कोणत्याही केटररच्या अंदाजापेक्षा ते आकडे अधिक उपयोगी पडतात.

मामाची ती वही घरात अजून आहे. गेल्या वर्षी मावसबहिणीच्या डोहाळेजेवणासाठी तिने ती मागून नेली. परत आली तेव्हा पहिल्या पानावर, ‘श्री’च्या खाली आणि हळद-कुंकवाच्या वर, तिने पेन्सिलीने एक ओळ वाढवलेली होती : ‘तिला विचारले का?’